मंग भाऊस्नी पाप कयं नई का?

दुःखसहन सप्ताहातली, म्हणजे गुड फ्रायडेच्या आठवड्यातली, संध्याकाळ होती. साक्री तालुक्यातल्या एका खेड्यात, चिंचेखाली ताडपत्री टाकून आमची प्रार्थनासभा बसली होती. ऊन उतरलं होतं, तरी जमीन गरमच होती आणि माठातलं पाणी तळाला गेलं होतं. मी योसेफाची गोष्ट वाचून दाखवत होतो. भावांनी त्याला विकलं, तो मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम झाला, तुरुंगात गेला, मग त्याच देशाचा मोठा अधिकारी झाला आणि दुष्काळात धान्य मागायला आलेल्या त्याच भावांना त्यानं जगवलं. शेवटी बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या ५० व्या अध्यायातलं ते वाक्य आलं. योसेफ भावांना म्हणतो, तुम्ही माझं वाईट योजलं होतं, पण देवानं ते चांगल्यासाठी योजलं, पुष्कळांचे प्राण वाचावेत म्हणून.

पुढेच एक म्हातारी माय बसली होती, सत्तरी कधीच ओलांडलेली. तिनं पदर सावरला आणि विचारलं, “मंग भाऊस्नी पाप कयं नई का?”

म्हणजे देवाचंच काम त्यांच्या हातून झालं असेल, तर भावांनी पाप केलं की नाही? दोन-तीन पोरं हसली. मला हसू आलं नाही. ख्रिस्ती धर्मविचारातल्या सगळ्यात अवघड प्रश्नांपैकी हा एक आहे, आणि तिनं तो एका ओळीत मांडला होता. त्या संध्याकाळी मी जमेल तेवढं बोललो. नीट उत्तर द्यायचं राहून गेलं, ते इथे देतो.

आधी मूळ म्हणणं काय आहे ते पाहू. ख्रिस्ती विश्वास असा आहे की माणूस देवाच्या विरोधात उभा राहिला तरी देवाचं काम थांबत नाही. एवढ्यावरच तो थांबत नाही. कधी कधी तो विरोधच त्या कामाची वाट बनतो, असंही तो सांगतो. आपल्या भाषेत ‘इष्टापत्ती’ असा नेमका शब्द आहे, आणि ऐकणाऱ्याला वाटतं हे तेच. पण इष्टापत्ती फक्त निकाल सांगते. संकट आलं, पुढे त्याचं भलं झालं. कुणी काय मनात धरून केलं, याबद्दल तो शब्द गप्प आहे. योसेफाचं वाक्य मात्र नेमकं त्याबद्दलच बोलतं. मूळ हिब्रूत भावांसाठी आणि देवासाठी एकच क्रियापद वापरलं आहे, आणि मराठी बायबलनंही दोन्हीकडे ‘योजणे’ ठेवलं आहे. भावांनी बिघडवलं आणि देवानं मागाहून डागडुजी केली, असं तो म्हणत नाही. घटना एक, योजणारे दोन, हेतू दोन. एकाचा हेतू दुष्ट, दुसऱ्याचा चांगला.

हे समजायला शेतातलं एक उदाहरण घेतो. तूर हातभर वाढली की जाणते शेतकरी तिचे शेंडे खुडतात. शेंडा गेला की झाड बाजूला फुटतं, फांद्या वाढतात, शेंगा जास्त धरतात. आता समजा, शेजाऱ्यानं वैरापोटी मुद्दाम आपल्या बकऱ्या तुमच्या तुरीत सोडल्या. त्यांनी शेंडे खाल्ले आणि त्या हंगामात तूर दुपटीनं फुटली. शेजाऱ्यानं तुमच्यावर उपकार केले का? मुळीच नाही. त्याला तुमचं नुकसानच करायचं होतं, पंचांसमोर तो दोषीच ठरेल. आणि तूर फुटली हेही खरंच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, एवढंच या उदाहरणातून घ्यायचं. याहून पुढे ते ओढलं तर फसवतं. कारण बकऱ्या खोडापर्यंत खाऊन गेल्या तर तूर मरते, आणि माणसांच्या आयुष्यात खोडापर्यंत खाल्लेलं पुष्कळ असतं. त्याकडे मी येणार आहे.

आता मायच्या प्रश्नाकडे. भावांनी पाप केलं का, हे ठरवायला धर्मशास्त्रज्ञ लागत नाही, गोष्ट सावकाश वाचली तरी पुरतं. योसेफ १७ वर्षांचा होता. भावांनी त्याचा अंगरखा ओरबाडला आणि त्याला खडकातल्या टाक्यात टाकलं. पावसाचं पाणी साठवायचं टाकं. आपण गोष्ट सांगताना ‘विहीर’ म्हणतो. लिहिणारा मुद्दाम सांगतो की त्यात पाणी नव्हतं. खान्देशात मे महिन्यात कोरड्या विहिरीत कुणी वाकून पाहिलं असेल, तर आतून येणारी ती गरम, धुळीची वाफ त्याला माहीत आहे. आणि पुढचं वाक्य काय? भाऊ भाकर खायला बसले. बस्स, एवढंच. मुलगा खाली ओरडत होता की नाही, त्याबद्दल त्या जागी एक अक्षर नाही.

ते अक्षर पाच अध्यायांनी येतं. वीसेक वर्षं गेली आहेत, दुष्काळ पडला आहे, भाऊ मिसरात धान्यासाठी उभे आहेत आणि समोरच्या अधिकाऱ्याला त्यांनी ओळखलेलं नाही. अडचणीत सापडल्यावर ते आपसात म्हणतात, आपण आपल्या भावाच्या बाबतीत खरोखर अपराधी आहोत. तो काकुळतीला येऊन विनवत होता आणि आपण ऐकलं नाही. तेव्हा आपल्याला कळतं, तो ओरडत होता आणि ते त्याचं ओरडणं ऐकत जेवले होते. ती हाक इतकी वर्षं त्यांच्या कानात राहिली. भावांनी पाप केलं का, याचं उत्तर भावांनीच देऊन ठेवलं आहे.

योसेफही ते झाकत नाही. ओळख देताना तो म्हणतो, मी तुमचा भाऊ योसेफ, ज्याला तुम्ही मिसरात विकलं तो. ‘विकलं’ हा शब्द तो गिळत नाही. शिवाय ओळख देण्याआधी त्यानं भावांना पारखलं आहे. धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा पेला लपवून त्यानं असा पेच टाकला की भावांनी धाकट्याला टाकून सहज घरी निघून जावं. तेव्हा पुढे कोण आलं? यहूदा. विसा रुपयांना भाऊ विकू या, ही कल्पना ज्याची होती तोच. त्यानं सांगितलं, त्याच्या जागी मला गुलाम करून ठेवा. योसेफाचा बांध फुटतो तो इथे. म्हणजे ‘देवानं चांगलं योजलं’ हे वाक्य हवेतून पडलेलं नाही. मधे अपराधाची कबुली आहे, बदललेला माणूस आहे.

आणि वेळ पाहा. विकला तेव्हा १७ वर्षांचा, फारोसमोर, म्हणजे मिसरच्या राजासमोर, उभा राहिला तेव्हा ३० वर्षांचा, मग सुकाळाची ७ वर्षं, दुष्काळाची २ वर्षं, मग बाप याकोब मिसरात आला आणि तिथे १७ वर्षं जगला. ५० व्या अध्यायातलं ते वाक्य बापाच्या मरणानंतरचं आहे. हिशोब केला तर विकल्याला ३९ वर्षं झाली होती. हे वाक्य टाक्याच्या तोंडाशी उभं राहून कुणी खाली ओरडून सांगितलेलं नाही, आणि भावांनी स्वतःच्या बचावासाठी म्हटलेलंही नाही. ज्याला विकलं त्यानं ते म्हटलं, ३९ वर्षांनी. माझ्या मते सगळ्या शिकवणीचा जीव इथे आहे. ही शिकवण कोण कुणाला सांगतो, यावर ती औषध ठरते की विष, हे ठरतं.

बायबलमध्ये हाच विचार राजकारणाच्या पातळीवरही येतो, आणि तिथेही जबाबदारी सुटत नाही. यशया संदेष्टा अश्शूरच्या साम्राज्याला देवाच्या हातातली काठी म्हणतो. लगेच पुढे सांगतो, पण त्याच्या मनात हे नाही, त्याच्या मनात फक्त राष्ट्रं धुळीला मिळवणं आहे. म्हणून काम झाल्यावर देव त्याच्या गर्वाचाही हिशोब घेईल. मग विचारतो, लाकूड तोडणाऱ्यापुढे कुऱ्हाडीनं बढाई मारावी का? इ.स.पू. ७२२ च्या सुमारास इस्राएलच्या उत्तर राज्याची राजधानी शोमरोन अश्शूरांच्या हाती पडली, आणि ६१२ मध्ये त्यांचं स्वतःचं निनवे शहर बेचिराख झालं. उलट पर्शियाचा राजा कोरेश. त्यानं इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल (बॅबिलोन) जिंकलं आणि पकडून आणलेल्या यहूद्यांना परत जाऊ दिलं. यशयाच्या पुस्तकात देव त्याला म्हणतो, तू मला ओळखत नाहीस, तरी मी तुला नावानं बोलावलं. कोरेशानं कोरून घेतलेला मातीचा लेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि त्यात त्यानं विजयाचं श्रेय बाबेलच्या मर्दूक देवाला दिलं आहे. ज्याच्या हातून काम होतं त्याला ते कुणाचं काम आहे हे माहीत असावंच लागतं असं नाही.

फारोचं प्रकरण सगळ्यात खुपणारं. योसेफानंतर पुष्कळ पिढ्यांनी मोशे गुलाम इस्राएलांची सुटका मागतो तेव्हाचा हा फारो. निर्गम या पुस्तकात लिहिलं आहे की देवानं त्याचं मन कठीण केलं. मग बिचाऱ्या फारोचा काय दोष? इथेही सावकाश वाचावं लागतं. देव मोशेला हे आधीच सांगून ठेवतो, हे खरं. पण मिसरावर एकामागून एक पीडा, म्हणजे संकटं, सुरू झाल्यावर पहिल्या पाच पीडांत फारोच आपलं मन घट्ट करतो किंवा त्याचं मन घट्ट राहतं, असं लिहिलेलं आहे. देवानं त्याचं मन कठीण केलं हे शब्द सहाव्या पीडेनंतर येतात, अंगावर फोड उठतात तेव्हा. पुष्कळ भाष्यकार म्हणतात, फारोनं जो रस्ता धरला होता त्याच रस्त्याला देवानं त्याला सोडून दिलं. काहींना हे उत्तर पुरेसं वाटत नाही, कारण प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ९ व्या अध्यायात देवाच्या मर्जीवर जास्त भर देतो. मला स्वतःला पहिलं वाचन पटतं, पण दुसऱ्यांचा आग्रह कुठून येतो तेही कळतं.

मग ही दोन टोकं एकत्र कशी बसवायची, यावर विचारवंतांनी पिढ्यान्‌पिढ्या डोकं घातलं. ऑगस्टिन (३५४–४३०) म्हणाला, वाईट मुळीच होऊ न देण्यापेक्षा वाइटातून चांगलं काढणं देवाला अधिक योग्य वाटलं. थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यानं लंगड्या माणसाचं उदाहरण दिलं. चालण्याची शक्ती जिवंत देहाची असते, लंगडणं मात्र वाकड्या पायाचं. तसं कृत्यातली शक्ती देवानं दिलेली आणि वाकडेपणा माणसाचा. पुढे कॅल्व्हिन (१५०९–१५६४) याच्या परंपरेनं देवाच्या ठरावावर भर दिला, आर्मिनियस (१५६०–१६०९) याच्या परंपरेनं माणसाच्या स्वातंत्र्यावर. आपल्याकडच्या मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) दोन्ही सूर ऐकू येतात, बहुतेक वेळा एकाच पाळकाच्या एकाच संदेशात. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या १९९२ च्या ग्रंथात योसेफाचंच उदाहरण देऊन एक गोष्ट स्पष्ट केली आहे: देवानं त्यातून चांगलं काढलं म्हणून वाईट हे चांगलं ठरत नाही. पंथ कोणताही असो, या एका ओळीवर सगळे येऊन मिळतात.

आता क्रूस. ख्रिस्ती माणसासाठी बाकीची सगळी उदाहरणं या एका घटनेच्या उजेडात उभी आहेत. गुड फ्रायडेला आमच्याकडे दुपारी १२ ते ३ उपासना चालते, क्रूसावरच्या सात उद्गारांवर. पत्र्याखाली बसलेली माणसं घामानं निथळत असतात आणि कुणी उठत नाही. त्या तीन तासांत आम्ही जी गोष्ट ऐकतो ती पहिल्यापासून शेवटपर्यंत विरोधाची आहे. यहूदा इस्कार्योत ३० रुपयांना धरून देतो. कयफा महायाजक राजकारणाचा हिशोब मांडतो की सगळ्या राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा एक माणूस मेलेला बरा. योहान सांगतो, कयफानं नकळत खरंच भाकीत केलं होतं, कारण येशू खरोखर सर्वांसाठी मरणार होता. कयफाच्या तोंडून जे निघालं ते त्याच्या मनात नव्हतं. रोमी सुभेदार पिलात क्रूसावर दोषपत्र लावतो, ‘यहूद्यांचा राजा’. हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत. लोक तक्रार करतात तेव्हा म्हणतो, लिहिलं ते लिहिलं. त्यानं आरोप म्हणून लिहिलं. ख्रिस्ती माणसाला तीच पहिली जाहीर घोषणा वाटते, तीही त्या काळच्या जगाला वाचता येईल अशा भाषांत.

पन्नास दिवसांनी येशूचा शिष्य पेत्र यरुशलेमात उभा राहून म्हणतो, देवाच्या ठाम योजनेनुसार आणि पूर्वज्ञानानुसार येशू तुमच्या हाती दिला गेला, आणि तुम्ही त्याला अधर्म्यांच्या हातून मारलं. एका वाक्यात दोन्ही. देवाची योजना म्हणून तो ‘तुम्ही मारलं’ हे पुसत नाही, आणि ‘तुम्ही मारलं’ म्हणून देवाची योजना मोडली असंही म्हणत नाही. ऐकणाऱ्यांच्या काळजाला घरं पडतात, ते विचारतात आम्ही काय करावं, आणि पेत्र म्हणतो पश्चात्ताप करा. पश्चात्ताप करा हे तो ज्यांनी गुन्हा केला त्यांनाच म्हणतो. मायच्या प्रश्नाला याहून थेट उत्तर नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. याच कथेचा आधार घेऊन ख्रिस्ती लोकांनी कित्येक शतकं सगळ्या यहूदी समाजाला ख्रिस्ताचे मारेकरी ठरवलं आणि त्यांच्यावर भयंकर अत्याचार केले. ते घोर पाप होतं. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातली पहिल्या ख्रिस्ती लोकांची प्रार्थना दोषी कोण ते सांगते: हेरोद, पिलात, परराष्ट्रीय आणि इस्राएलचे लोक, सगळे एकत्र. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये तो सरसकट आरोप अधिकृतपणे नाकारला. त्याच प्रार्थनेत आणखी एक लक्षात घेण्याजोगं आहे. धमक्या देऊन सोडलेले ते लोक विरोधकांचा नायनाट मागत नाहीत. बोलायचं धैर्य मागतात.

मग स्तेफनाची गोष्ट. पहिला ख्रिस्ती हुतात्मा. त्याला दगडमार झाला तेव्हा मारणाऱ्यांचे कपडे शौल नावाच्या तरुणाजवळ ठेवलेले होते. त्या दिवसापासून यरुशलेमातल्या मंडळीचा छळ सुरू झाला आणि माणसं पांगली. मूळ ग्रीकमध्ये ‘पांगणे’ या क्रियापदात ‘पेरणे’ हाच धातू आहे. फोकून पेरताना बी मुठीतून उधळतं, तसं. पांगलेले लोक जिथे गेले तिथे बोलत गेले. काही जण सीरियातल्या अंत्युखिया शहरापर्यंत पोचले, तिथे मोठी मंडळी उभी राहिली, आणि ‘ख्रिस्ती’ हे नाव शिष्यांना पहिल्यांदा तिथेच मिळालं. त्या मंडळीला वर्षभर शिकवायला कोण आलं? शौल. ज्याच्या पायाशी कपडे ठेवले होते तोच, आता पौल म्हणून ओळखला जाणारा. ज्यांना त्यानं पळायला लावलं त्यांच्या पळण्यातून झालेल्या मंडळीत तो गुरू म्हणून उभा राहिला. मी हे जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा पुस्तक क्षणभर मिटून ठेवतो.

पण त्या ओळींच्या मधे एक छोटी ओळ आहे, ती आपण घाईत सोडतो. भक्तिमान माणसांनी स्तेफनाला पुरलं आणि त्याच्यासाठी मोठा शोक केला. ‘बरं झालं, आता सुवार्ता पसरेल’ असं कुणी म्हटलं नाही. ते रडले. मघाशी म्हटलं ना, खोडापर्यंत खाल्लेलं असतं. स्तेफन परत आला नाही. अंत्युखियाची मंडळी उभी राहिल्यानं त्याच्या घरच्यांचं रडणं खोटं ठरत नाही.

मराठी वाचकाच्या जवळचं एक उदाहरण देतो. १७९९ मध्ये मार्शमन आणि वॉर्ड हे इंग्रज मिशनरी बंगालमध्ये उतरले, पण ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. व्यापार आणि सत्ता यांना धक्का लागेल ही तिची भीती. म्हणून ते डेन्मार्कच्या ताब्यातल्या, कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला राहिले, आणि १८०० मध्ये मिशनरी विल्यम कॅरीही तिथेच जाऊन त्यांना मिळाले. कंपनीचा हात पोचत नव्हता अशा त्या गावात छापखाना उभा राहिला, आणि तिथून १८११ मध्ये मराठी नवा करार छापून निघाला. कॅरींना मराठीसाठी पंडित वैजनाथ शर्मा यांची मदत होती. पुढच्याच वर्षी, १८१२ मध्ये, कलकत्त्याला आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना कंपनीनं देश सोडायला सांगितलं. त्यातले जडसन ब्रह्मदेशात गेले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. तिथेही परत पाठवण्याचा हुकूम निघाला, पण गव्हर्नर इव्हान नेपियन यांनी तो टाळत नेला, आणि त्याच वर्षी पार्लमेंटच्या नव्या सनदेनं मिशनऱ्यांना वाट मिळाली. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात अशी झाली. १८४२ मध्ये निघालेलं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक त्याच कामातलं. हॉल १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूला फिरतीवर असताना पटकीनं गेले.

इतिहासकार याला सत्तेचं राजकारण आणि योगायोग म्हणेल, आणि त्याच्या शास्त्रात ते बरोबर आहे. कलकत्त्याचं दार बंद झालं म्हणून मराठीचं दार उघडलं, असं विश्वासणारा म्हणतो. तो पुरावा देत नसतो. मागे वळून पाहताना त्याला जो हात दिसतो त्याबद्दल तो बोलत असतो. मागे वळूनच. पुढे पाहताना तो हात दिसत नाही, हॉललाही दिसला नसेल.

आपल्याकडच्या वाचकाला इथे विरोधभक्ती आठवेल, आणि आठवावीच. कीर्तनात आपण ऐकलेलं असतं की रावण, कंस, शिशुपाल यांनी वैरानं का होईना, अहोरात्र देवाचंच चिंतन केलं आणि त्याच्याच हातून मुक्त झाले. वरवर पाहता ख्रिस्ती विचार तसाच वाटतो. फरक मोठा आहे. विरोधभक्तीत विरोध करणाऱ्याचाच उद्धार त्या विरोधातून होतो. ख्रिस्ती विचारात विरोधातून देवाचं काम पुढे जातं, पण विरोधक त्यामुळे तरत नाही. त्याला वेगळं वळावं लागतं. शौल दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर पडला आणि वळला, म्हणून पौल झाला. येशूनं यहूदा इस्कार्योताबद्दल म्हटलं, मनुष्याचा पुत्र लिहिल्याप्रमाणे जातो खरा, पण ज्याच्या हातून तो धरून दिला जातो त्याची केवढी दुर्दशा. नियोजित असणं ही सुटका नव्हे.

आता आमच्याच माणसांबद्दल थोडं, कारण हे मनाला लागलेलं आहे. सभेत साक्ष देताना आपण पटकन म्हणतो, लोकांनी विरोध केला पण देवानं आशीर्वाद दिला. खरं असेल तर जरूर सांगावं. पण दुसऱ्याचं घर जळत असताना त्याला हे ऐकवू नये. ज्याच्या पोराला शाळेत चिडवलं जातं, ज्याला गावच्या कार्यातून वगळलं जातं, त्याच्या दारी जाऊन ‘यातून देवाची योजना आहे’ म्हणणं सोपं आहे. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले तोवर त्यांनी चांगलं केलं. बोलायला लागल्यावर बिघडलं.

शिवाय प्रत्येक विरोध हा छळ नसतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात स्पष्ट आहे, सोसायचं तर ख्रिस्ती म्हणून सोसा. खुनी, चोर किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून नको. रात्री ११ वाजता भोंगा लावून प्रार्थना केली आणि शेजारी भांडायला आला, तर तो देवाचा वैरी नाही, त्याला पहाटे पाणी भरायला उठायचं असतं. पौलानं खुद्द पेत्राला अंत्युखियात तोंडावर विरोध केला होता, आणि बरोबर पौल होता. बायबलमधल्या बलामाला त्याच्या गाढवीनं तीनदा अडवलं, त्यानं तिला तीनदा मारलं, आणि त्याचा जीव वाचला तो तिच्या अडवण्यामुळेच. विरोधातून देव काम करतो याचा एक अर्थ असाही निघतो की कधी कधी आपल्याला अडवणाराच देवाचं ऐकत असतो.

आणि वाइटातून चांगलं निघतं तर वाईट करायला काय हरकत, असं कुणी म्हटलं तर? पौलाच्या काळातही म्हणणारे होते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ३ ऱ्या अध्यायात त्यानं ते एका फटक्यात मोडून काढलं आहे.

त्या संध्याकाळी सभा उठल्यावर माय मागे थांबली. पोरं ताडपत्री गुंडाळत होती. तिनं सांगितलं, तिनं बाप्तिस्मा घेतला त्या वर्षी मोठ्या भावानं तिच्याकडून हक्कसोडवर अंगठा घेतला. दोन एकर होतं, विहिरीजवळचं. ख्रिस्ती झालीस, आता तुझा इथे काय संबंध, असं म्हणाला. माहेर तुटलं ते तुटलंच. “मना भाऊ आजून उना नई,” ती म्हणाली. माझा भाऊ अजून आला नाही. तिचा प्रश्न योसेफाच्या भावांबद्दलचा नव्हताच, हे मला तेव्हा कळलं.

मी काही बोललो नाही. मग तिनंच म्हटलं, ते शेवटचं परत वाच. मी मोबाईलच्या उजेडात ५० वा अध्याय काढला. बाप मेला आहे, आता योसेफ सूड घेईल अशी भावांना भीती वाटते आहे, ते निरोप पाठवतात, आमचा अपराध क्षमा कर. मी वाचलं, “ते त्याच्याशी बोलत असता योसेफ रडला.”

“रडना ना तो?”

“हा माय. रडला.”

तिनं पदरानं डोळे पुसले आणि ओट्याला टेकून बसली. “मंग वाच फुडे,” ती म्हणाली.